डावी कूस, उजवी कूस

धाकूतात्या कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे, मग माणसं. चौकटीवर तळवा फिरवायचे, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत नजर टाकायचे आणि मनात आलं ते तोंडावर सांगून मोकळे व्हायचे. आमच्या घराच्या वास्तुशांतीला, भटजी समोर बसलेले असताना, ते माझ्या आईला म्हणाले होते, "वैनी, तुमची चौकट पडते हाय." आई अजून त्यावरून चिडते. चौकट खरोखरच पडत होती, म्हणजे एका अंगाला कलली होती, वर्षाच्या आत दार घासायला लागलं. पण म्हणून काय पूजेच्या दिवशी सांगायचं?

ते मुळात बोटी बांधणारे सुतार. श्रीवर्धनच्या आमच्या अंगाला जुन्या मच्छीमारांना विचाराल तर अजून त्यांचं नाव निघतं. सागवानाच्या फळ्या, बाभळीच्या मुळातच वाकड्या फांद्यांच्या फासळ्या, सांध्यासांध्यात तेलात भिजवून ठासलेला कापूस. नकाशा म्हणाल तर कागदाचा कपटासुद्धा नाही. लांबी वितीत, उंची हातात, आणि बाकी सगळं डोक्यात. मग फायबरच्या बोटी आल्या. त्या साच्यातून निघतात, कुजत नाहीत, दर वर्षी तेल पाजावं लागत नाही. लोकांनी त्या घेतल्या तर त्यांना नावं ठेवायला मी कोण? पण तात्यांची शेड रिकामी झाली ती झालीच. शेवटची बरीच वर्षं ते गावातली दारं तासायचे आणि हरिहरेश्वरच्या वाटेवरच्या लॉजमधल्या कुरकुरणाऱ्या खाटा दुरुस्त करायचे.

अंगानं उंच, काटकुळे. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, आणि कानावर एक विडी. छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी विडी बंद केली. त्या दिवसापासून तीच विडी, न पेटवलेली, कानावर. मी म्हटलं, "तात्या, त्यापेक्षा पेन्सिल ठेवा की. सुतारासारखे दिसाल." तर म्हणाले, "पेन्सिल चुकते गो. विडी कधी चुकली न्हाय." त्यांचा जन्म कधीचा, शाळा किती झाली, भावंडं किती, मला यातलं काही धड सांगता येणार नाही. विचारलं की ते "माझं काय घेऊन बसलीस" म्हणून उठायचे.

आता माझं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी नव्या मुंबईत एका कंपनीत हवेत चित्रं काढते. थट्टा नाही, पगार त्याचाच मिळतो. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन हातांत दोन कंट्रोलर धरायचे आणि रेघ ओढायची. जिथे ओढली तिथेच ती लटकून राहते. तिच्याभोवती फिरा, वाकून खालून बघा, चित्र मोठं करून त्याच्या आत शिरा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी परवानगी काढून यंत्रासकट गावी आले होते, आणि न्हाणीचं दार फुगलं म्हणून आईनं तात्यांना बोलावलं होतं.

खिडकीतून त्यांना काय दिसलं असेल ते मला आता कळतं. डोळ्यांवर काळं झाकण लावलेली चौतीस वर्षांची घोडी एकटीच खोलीत पाय रोवून हवा कापतेय, मधेच उकिडवी बसून कशाच्या तरी खालून मान बाहेर काढतेय. तात्या तडक स्वयंपाकघरात गेले.

"वैनी, पोरीच्या अंगात येतं काय?"

"छे हो तात्या, नोकरी करते ती."

"असली नोकरी?"

मग दार राहिलं बाजूला. "ते टोपडं मला दे," म्हणाले. हेडसेटला ते कायम टोपडंच म्हणत राहिले.

या कामात नवीन माणूस हमखास एक चूक करतो. समोर उभा राहून रेघ ओढतो. समोरून ती सरळ दिसते, आणि बाजूला जाऊन बघावं तर साप. उंची-रुंदी डोळ्याला कळते, पुढेमागे कळत नाही. शिवाय मनगटानं ओढली की थरथरते. म्हणून मी शिकवते ते असं: मनगट बांधा, खांदा सोडा, एका हातानं चित्र धरून ठेवा नि दुसऱ्यानं काढा, आणि दर रेघेनंतर चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. चांगली शिकलेली मुलं दोन-दोन महिने हे विसरतात आणि मी त्यांच्यावर खेकसते.

तात्यांना मी म्हटलं, एक सरळ रेघ काढा. त्यांनी आधी पाय रोवले. मग कमरेत जरासे वाकले, हात मांडीजवळ धरला आणि चालायला लागले. हात जागचा हलला नाही. पाय चालले. सातवं पाऊल टाकलं आणि धाडकन कपाटावर आदळले. कपाट जवळ आल्याची सूचना यंत्र देतं, ती त्यांनी जुमानलीच नव्हती.

"हितं कपाट कुणी ठेवलं?"

मी हेडसेट घालून रेघ बघितली. बाजूनं बघितली, खालून बघितली, टोकाला डोळा लावून बघितली. कपाटापर्यंत अगदी सरळ, सुतात होती.

"हात चालवायचा न्हाय गो," कपाळ चोळत तात्या म्हणाले. "पाय चालवायचे. हात नुसता संगती जातो."

हे वाक्य मी हल्ली शिकवताना वापरते आणि माझं म्हणून खपवते.

त्यानंतर ते रोज चार वाजता येऊ लागले. न्हाणीचं दार पंधरा दिवस तसंच होतं, आई पडदा लावून आंघोळ करायची आणि मला बोलायची. एकदा खुर्ची काढली, एकदा आमचा माड काढला. मग एके दिवशी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "ह्यात बोट मावंल?"

"किती मोठी?"

"बोटीएवढी."

मी हसले, पण ते हसत नव्हते. म्हणाले, "कागदावर मला जमत न्हाय. कागद सपाट, बोट फुगीर. पण ह्या टोपड्यात जमंल. मी गेलो की बोट पण जाणार बघ, डोक्यातच हाय ना सगळी. ही काढून ठेवली तर माझी मंगल एखादा सुतार लावंल, त्याला दाखवंल, बोट बांधून घेईल. लाकडी बोटीला अजून मागणारे हायत दोन-चार. तिचं नीट चालंल."

मंगलताई ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यावर माहेरी आली त्याला वीस वर्षं होऊन गेली. तात्यांचं घर तीच चालवायची, आणि शेडमध्ये काम होतं तोवर तेल उकळणं, कापूस वळणं, फळीचं दुसरं टोक धरणं, सगळं तिच्याकडे. फक्त वाकस नाही. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार. बोटीला आकार येतो तो त्यानंच. बाईनं बोटीला वाकस लावायचा नाही, हा तात्यांच्या बापापासूनचा नियम.

एकदा तात्या जेवायला गेले असताना तिनं एका फासळीवर वाकस चालवला होता. तात्या आले. फासळीवर बोट फिरवलं. फासळी उचलली आणि नेऊन चुलीत घातली. मंगलताईनं मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

"चांगली झाली होती गो फासळी," एवढंच म्हणाली.

मला त्या दिवशी तात्यांचा असा राग आला! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. मी त्यांना तोंडावर विचारलं, का जाळलीत? ते विडी कानावरून काढून बघत बसले. "बापानं घालून दिलंय, अर्चे. मी कोण मोडणारा?" म्हणाले. मी म्हटलं, बाप काय वर बसून बघतोय? त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा हजर.

आमच्या खोलीत बोट मावणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्या रिकाम्या शेडमध्ये गेलो. ऊन हेडसेटच्या काचांत शिरलं तर आतला पडदा जळतो, म्हणून मंगलताईनं तिन्ही बाजूंना ताडपत्री बांधली. पहिली रेघ पठाणाची. पठाण म्हणजे बोटीचा तळाचा कणा. तो आधी आडवा घालायचा, मग बाकीचं. मी सगळं जोडून तयार केलं, तर तात्या म्हणाले, "नारळ?"

"तात्या, आपण हवेत काढतोय."

"मग हवेतला पठाण काय पठाण न्हाय?"

मंगलताई घरातून नारळ घेऊन आली. मी दाखवली त्या जागी, उघड्या जमिनीवर, तात्यांनी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, हात जोडले, चपला ताडपत्रीबाहेर काढून आले आणि मग पहिली रेघ ओढली. माझ्या कंपनीत मी हे कोणाला सांगितलेलं नाही. हसले असते, आणि मग मी कोणाला तरी ठोसा मारला असता.

चार दिवसांनी आई काठी टेकत बघायला आली. तात्या तेव्हा हेडसेट काढून दम खात बसले होते. समोर मोकळी जमीन, आई सरळ चालत मधे आली, तसे तात्या केवढ्यानं ओरडले, "वैनी! फळीवरनं!" आई बिचारी जागच्या जागी थिजली. एक पाय वर. मग तात्यांनीच तिला हाताला धरून नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वळसा घालून बाहेर आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीवर गेरूनं बोटीची कड आखून ठेवली. कोणी विनाकारण बोट तुडवायला नको म्हणून.

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार त्रास झाला. लाकडावर बोट फिरवून बघायची सवय. "डोळ्याला इचारू नको, बोटाला इचार," हे दिवसातून दहादा. आणि इथे हात आरपार जायचा. एकदा हेडसेट काढला तेव्हा डोळे भरले होते. "हिला अंग न्हाय गो," म्हणाले. "भुताची बोट बांधतोय मी." मी दोन दिवस खटपट करून अशी सोय केली, की हातातला कंट्रोलर रेघेला लागला की जरासा थरथरेल. तात्यांनी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक फळी चाचपली. मग परत. मग पुन्हा एकदा. त्या दिवशी त्यांनी काही काढलं नाही, नुसते चाचपत राहिले.

एका कुशीला अकरा फळ्या. कूस म्हणजे बोटीची बाजू. तात्या डावी आधी घ्यायचे, नेहमी डावीच. पाय चालवत, हात संगती नेत, दिवसाला कधी एक फळी, कधी अर्धीच. दम लागायचा, खोकला यायचा, मग खाटेवर बसून राहायचे. तीन आठवड्यांत डावी कूस पुरी झाली, आणि काय सांगू, माझ्या आयुष्यात हवेत काढलेली इतकी सुंदर वस्तू मी बघितलेली नाही. एकेक रेघ कुठूनही बघा, कुठेच लटपटत नव्हती.

मी म्हटलं, "उजवी अशीच ना?"

"उजवी ती उजवी," तात्या म्हणाले. "उद्यापास्नं."

म्हातारा माणूस बोलतो तसं बोलले, असं मला वाटलं. विचारायला हवं होतं. एक प्रश्न विचारायला काय जात होतं माझं?

त्या उद्यालाच सकाळी त्यांना श्वास घेता येईना. गाडी करून माणगावला दवाखान्यात नेलं, तिथे आठ दिवस. मंगलताई त्यांच्यापाशी. मी इथे गावात, अर्धी बोट डोक्यावर घेऊन. आणि मग मी ते केलं. आमच्या यंत्रात आरसा म्हणून एक सोय असते. एक बाजू काढली की आरसा लावायचा, दुसरी बाजू हुबेहूब आपोआप होते. चेहरे, गाड्या, इमारती, आम्ही सगळं असंच काढतो. दुसरी बाजू हातानं काढणाऱ्याला आमच्यात वेडा म्हणतात. मला वाटलं, बरे होऊन येतील तेव्हा पुरी बोट बघतील, खूश होतील. दोन मिनिटांचं काम होतं.

मंगलताई मधे एक दिवस कपडे न्यायला घरी आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिला दाखवली. तिनं हेडसेट घातला, बोटीला वळसा घातला, उजवीकडे मधोमध थांबली. हातानं चाचपलं.

"ही बाजू उपाशी दिसते गो," म्हणाली.

"उपाशी? ताई, यंत्रानं केलीय ती. केसाचा फरक नाही दोन्हींत."

"असंल बाई," म्हणाली आणि कपड्यांची पिशवी घेऊन गेली.

तात्या परत आले ते ओळखू येऊ नयेत असे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं मंगलताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं: आता दिवस मोजायचे. तरी दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, शेडमध्ये न्या. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. मी म्हटलं, "तात्या, गंमत दाखवते तुम्हाला." गंमत म्हणाले मी. देवा.

हेडसेट घालून ते उभे राहिले. पुरी बोट बघून तोंडावर जरा हसू आलं, ते मी बघितलं. मग आमच्या आधारानं चालत उजव्या कुशीला गेले, मधोमध हात नेला. हात तिथेच राहिला.

"हे कुणी केलं?"

"मी. म्हणजे, डाव्या बाजूवरून, आरसा लावून..."

"पुस ते."

मला कळेना. ते खोकत होते, पण आवाज चढला होता. "ह्या बाजूनं जाळं ओढतात, अर्चे. भिजलेलं जाळं, संगती चार माणसं, सगळा भार ह्या कुशीवर. उजवीला पोट लागतं. डाव्यागत सपाट ठेवलीस तर समुद्र जरा उठला की पालथी होईल. माणसं मरतील. माझ्या नावाच्या बोटीत माणसं मरतील!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीसएक वर्षं त्यांच्या बोटी या समुद्रात हिंडल्या, आणि दोन्ही कुशी वेगळ्या असतात हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मालकांनासुद्धा नाही. त्यांना वाटायचं तात्यांच्या हाताला यश आहे. मी उजवी बाजू तिथल्या तिथे पुसली. तात्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "आता माझ्याच्यानं उभं राहवत न्हाय. संपलं." डोळे भरलेले एकदा बघितले होते, पण रडताना मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मी पण रडत होते, आणि रडता रडता माझ्या तोंडून निघून गेलं, "मंगलताईला कळलं होतं. ती म्हणाली होती, ही बाजू उपाशी दिसते. मीच ऐकलं नाही."

तात्यांनी मान वर केली. मंगलताई मागे ताडपत्रीपाशी उभी होती, पदराचं टोक हातात.

"तुला कसं कळलं?"

"बघतच मोठी झाले ना मी," ती म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवसांनी सकाळी त्यांनीच मला बोलावणं धाडलं. उभं राहता येत नव्हतं, तर मी युक्ती काढली. हवेतल्या चित्राला एका हातानं धरून ओढता येतं, सबंध चित्र सरकतं. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही बसा. बोट चालवू या. डाव्या हातानं तिला मागे ओढत राहा, उजवा हात धरून ठेवा." शेडमधली खाट गेरूच्या रेघेपाशी ओढली. मी बोट लहान करून मांडीत देऊ का म्हणून विचारलं, तर "खेळणं हाय काय?" म्हणाले. तेवढा कणा अजून शाबूत होता. आणि त्यांनी काढल्या. खाटेवर बसून, बोट आपल्यासमोरून सरकवत, उजव्या कुशीच्या तळाकडून तीन फळ्या काढल्या. तीन फळ्यांना सबंध सकाळ लागली. चौथी घेतली आणि हात खाली आला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली आला.

पोट लागतं ते पाचव्या फळीपासून. ते मला त्या सकाळी कळलं.

तात्यांनी हेडसेट काढला, मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, "मंगल, हितं बस."

ती आली नाही. म्हणाली, "बाईनं..."

"बस म्हणतो ना मी. माझ्या बापाला मी काय ते सांगीन. आता भेटणारच हाय."

पुढच्या मंगळवारी तात्या गेले. मी तेव्हा त्यांच्या घरीच होते. फार त्रास झाला नाही.

बोट आता खरोखरची उभी राहतेय. त्याच शेडमध्ये, गेरूच्या रेघेवरच मंगलताईनं पठाण घातला, नारळ फोडून. तिनं सुतार लावला नाही, जड लाकूड उचलायला दोन गडी घेतलेत, तासते ती स्वतः. सकाळी हेडसेट घालून एक फळी बघते, चाचपते, काढून ठेवते आणि वाकस उचलते. गावातले लोक येऊन बघून जातात, काही तोंड वाकडं करतात, काही कौतुक करतात. एका जुन्या मच्छीमारानं विचारलं, "बाय, नकाशा कुणाचा?" तर तिनं सांगितलं, "सगळा तात्याचा. डावी त्यानं काढली. उजवीला हात माझा होता, पण धरला होता त्यानं. शेवटच्या फळीपर्यंत."

मी तिथेच होते. गप्प बसले. आजवर गप्पच आहे, आणि तिच्यासमोर कधी बोलणारही नाही. पण मी त्या दिवशी समोर उभी होते आणि माझ्या डोळ्यांवर काही नव्हतं.

ती खाटेच्या कडेला बसली होती, तात्या तिच्या मागे, उशीला टेकून. हेडसेट तिच्या डोळ्यांवर, त्यामुळे तिला बोटीशिवाय काही दिसत नव्हतं. तिला काय दिसतं ते माझ्या फोनवर उमटत होतं, तो मी तात्यांसमोर धरला होता. चौथी फळी त्यांनी तिचं कोपर धरून काढून घेतली. "खाली. अजून. हां, आता घे वर." पाचवी सुरू केली. तिचा हात खाली घसरला, त्यांनी सावरला. अर्ध्यावर आली तेव्हा रेघ बाहेर वळायला लागली, तात्या काही बोलले नव्हते तरी. मी नंतर मोजलं. मधोमध डाव्यापेक्षा चार बोटं जास्त, आणि चार बोटं हे तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

तात्यांनी फोनवर ती रेघ वळताना बघितली. मग त्यांनी तिच्या कोपरावरची आपली बोटं हळूच काढून घेतली. माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नको म्हणून.

पाचवी झाली. सहावी झाली. सातव्या फळीच्या मधोमध मंगलताई थांबली. मान न वळवता म्हणाली, "तात्या, धरलंयस ना?"

"धरलंय गो," तात्या म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.